रांगेतला रुमाल

बँकेच्या काउंटरमागे बावीस वर्षं बसून मी एकच शास्त्र शिकलो, ते म्हणजे रांगेचं. बी.कॉम.ला जे काही शिकवलं होतं ते मी परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी विद्यापीठाला साभार परत केलं. रांगेचं शास्त्र मात्र कुणी शिकवलं नाही आणि बहुधा म्हणूनच ते लक्षात राहिलं. या शास्त्राचा पहिला सिद्धांत असा, की रांगेतल्या प्रत्येक माणसाला आपल्या पुढची माणसं काही काम नसताना आलेली आहेत असं वाटतं. दुसरा सिद्धांत असा, की मध्ये घुसणारा प्रत्येक माणूस ‘फक्त एक विचारायचंय’ म्हणत घुसतो. तिसरा सिद्धांत मला परवापरवा, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, एका करमणुकीच्या पार्कात कळला. रांग मोडणाऱ्याला आपण चोर म्हणतो, पण तो मोडणारा आपण नसलो तरच!

पार्कचं नाव मी सांगत नाही. चूक त्यांची नव्हती, आमची होती. आणि आपल्या चुकीची जाहिरात दुसऱ्याच्या नावावर करणं बँकेच्या शिस्तीत बसत नाही.

आमच्याकडे माझे मामा असतात. मामी गेल्यापासून इथेच असतात. एस.टी.ची पहिली गाडी नगरहून पुण्याला 1 जून 1948 रोजी सुटली आणि त्याच साली मामांचा जन्म झाला. हा योगायोग मामा मानत नाहीत, नेमणूक मानतात. 1970 साली ते सातारा जिल्ह्यात कंडक्टर म्हणून लागले आणि छत्तीस वर्षांनी निवृत्त झाले. निवृत्त झाले म्हणजे पगार बंद झाला, एवढंच. लग्नाच्या पंगतीत अजूनही ते ‘पुढे सरका, मागे जागा आहे’ असं ओरडतात आणि आहेराचं पाकीट देताना यजमानाला ‘सुट्टे आहेत’ म्हणून सांगतात.

दोन वर्षांपूर्वी मामा न्हाणीघरात पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, हाड जुळलं, पण चाल काही परत आली नाही. वॉकर घेऊन घरात फिरतात. कॉट ते न्हाणीघर एक टप्पा, कॉट ते गॅलरी दोन टप्पे, असा त्यांचा हिशेब आहे. त्यापुढे गाडी जात नाही. एस.टी.ने 2022 च्या ऑगस्टपासून पंचाहत्तरीच्या पुढच्यांना प्रवास फुकट केला. त्याबद्दल आम्ही एकदा मामांचं अभिनंदन करायला गेलो. मामा म्हणाले, “फुकट झालं खरं, पण गाडीची पहिली पायरी कुठं खाली आली?” आम्ही हसलो. काही वाक्यं हसून झाल्यावर चार महिन्यांनी कळतात. हे त्यांतलं.

दिवाळीच्या सुटीत मुलांनी पार्कचा हट्ट धरला. आमची ही, दोन मुलं, मेहुणे, मेहुण्यांची बायको आणि त्यांची दोन मुलं मिळून आठ जणांचा जथा ठरला. आता सुटीत अशा ठिकाणी एकेका खेळाला तास-दीड तास रांग असते. दिवसभराच्या तिकिटाला रांगेच्या तासांनी भागलं, तर उभं राहण्याचाच दर बराच महाग पडतो. हे गणित मी मांडत असताना मेहुणे सहज म्हणाले, “आमच्या शेजारचे परवा जाऊन आले. त्यांच्याबरोबर व्हीलचेअर होती. थेट आत सोडलं म्हणे, रांग नाही की काही नाही.”

खोलीत शांतता पसरली. त्या शांततेत आठ जणांच्या डोक्यात एकाच वेळी एकच नाव आलं. मग ही हळूच म्हणाली, “मामांना किती दिवसांत कुठे बाहेर नेलं नाही, नाही?”

“खरंच,” मी म्हणालो, “बिचारे घरात कंटाळतात.”

मेहुण्यांच्या डोळ्यांत तर पाणीच यायचं बाकी होतं. वर्षअखेरीस ताळेबंद आहे त्यापेक्षा देखणा करून दाखवण्याला आमच्या कॉमर्समध्ये ‘विंडो ड्रेसिंग’ म्हणतात. आम्ही त्या संध्याकाळी आमच्या सदसद्विवेकबुद्धीचं विंडो ड्रेसिंग केलं आणि मामांना सांगायला गेलो. मामांनी फक्त एक प्रश्न विचारला, “पाळणा आहे का रे तिथं?”

“आहे की! सगळं आहे,” मी म्हणालो. प्रश्न नीट ऐकलासुद्धा नव्हता.

पार्कात पोचल्यावर अनामत भरून व्हीलचेअर मिळाली. व्हीलचेअर ढकलणं ही वाटते तितकी सोपी गोष्ट नाही. सपाट दिसणारी जमीन सपाट नसते हे मला त्या दिवशी कळलं. फरसबंदीच्या फटीत पुढची लहान चाकं अडकतात. तेव्हा खुर्ची मागे कलवून ती उचलून घ्यावी लागतात. तीव्र उतारावर खुर्ची पुढे तोंड करून न्यायची नसते, आपण उलटं चालत मागे मागे उतरायचं असतं, नाहीतर आतला माणूस आपल्याआधी खाली पोचतो. आणि उताराचं गणित असतं: एक फूट चढायचं तर बारा फूट लांबीचा रॅम्प हवा. म्हणजे आपण जी सहा इंचांची पायरी बोलता बोलता चढतो, तिला सहा फूट लांब वाट लागते. माणसाच्या एका पावलाची खरी किंमत सहा फूट आहे, हे मला बी.कॉम.ला कुणी सांगितलं नव्हतं.

पहिल्या दहा मिनिटांतच आमच्या कुटुंबाने व्हीलचेअरचा दुसरा उपयोग शोधून काढला. मामांच्या मांडीवर आधी पाण्याच्या चार बाटल्या आल्या, मग हिची पर्स, मग मुलांच्या टोप्या, मग चिवड्याचा डबा, मग मेहुण्यांचा कॅमेरा. शेवटी मामांचा फक्त चेहरा दिसत होता. कुठल्याही सहलीला म्हाताऱ्या माणसाला आपण आवर्जून नेतो, त्याचं कारण प्रेम असतंच. पण सामानापाशी कुणीतरी बसायला लागतं, हेही असतं.

पहिल्या खेळापाशी शेजाऱ्यांची माहिती खरी ठरली. खुर्ची पाहताच बाजूचं दार उघडलं. नियमाप्रमाणे खुर्चीबरोबर सोबतीला चार माणसं. आम्ही आठ होतो. ‘एकत्र कुटुंब आहे’ असं सांगून मेहुण्यांनी आठही आत घुसवली. मामा बाहेर पडायच्या दारापाशी सामान घेऊन बसले आणि आम्ही सोबती आत जाऊन किंचाळून आलो. दुसऱ्या खेळालाही तेच. रांगेतली माणसं आमच्याकडे बघत होती. बावीस वर्षं मी ही नजर काउंटरच्या आतून पाहिली आहे. तिच्या समोर उभं राहायची ही पहिलीच वेळ.

तिसऱ्या खेळापाशी मी खुर्ची बाजूच्या दाराकडे वळवली आणि ती हलेना. पाहतो तो मामांनी ब्रेक लावलेला.

“काय झालं, मामा?”

“गाडी पुढं जाणार नाही.”

“का?”

“बाळ्या, आतापर्यंत दोन फेऱ्या झाल्या. दोन्ही फेऱ्यांत तिकीट माझं आणि प्रवास तुमचा. हे कुठल्या डेपोत चालतं?”

मी गप्प. मग मामांनी आणखी एक गोष्ट सांगितली. खुर्चीत बसलं की माणसाचे डोळे पोरांच्या उंचीवर येतात. मघाच्या रांगेत एक पाच-सहा वर्षांचा मुलगा त्यांच्या अगदी शेजारी होता. त्याने आईला विचारलं, “हे आधी का गेले?” आई म्हणाली, “त्यांचे आजोबा आजारी आहेत ना.” मुलगा म्हणाला, “पण आजोबा तर बाहेरच बसलेत!”

आता वाचकहो, या मुलाला काय उत्तर द्यायचं? मी वकिली करून पाहिली. म्हटलं, सोय पार्कनेच दिली आहे, आपण मागितली नाही. शिवाय आपल्यामुळे फार तर एक फेरी मागे पडते, म्हणजे दोन मिनिटं. दोन मिनिटांनी कुणाचं काय जातं? पण हे बोलता बोलताच माझ्यातला कारकून जागा झाला. रांगेत तीनशे माणसं धरली, तर तीनशे गुणिले दोन म्हणजे सहाशे मिनिटं. दहा तास! आमच्या बँकेत एखाद्याने प्रत्येक खात्यातून एकेक पैसा काढून आपल्या खात्यात वळवला, तर कुठल्याच खातेदाराचं काही जात नाही. तरी त्याला अफरातफर म्हणतात.

“ठीक आहे,” मी म्हणालो, “मग सगळेच रांगेत उभे राहू. नियम सगळ्यांना सारखा.”

“तेही चूकच,” मामा म्हणाले आणि त्यांनी रांगेकडे बोट दाखवलं.

मी तोपर्यंत रांगेकडे कधी नीट पाहिलंच नव्हतं. लोखंडी नळ्यांची नागमोडी वाट. वळणं इतकी अरुंद, की खुर्ची पहिल्याच वळणावर अडकून बसावी. शेवटी आठ पायऱ्या, म्हणजे माझ्या नव्या हिशेबाने अठ्ठेचाळीस फूट. आणि वॉकर धरून मामा उभे राहिले असते, तर पाचव्या मिनिटाला खाली बसले असते. रांग सगळ्यांना सारखी असते हे आम्ही बँकवाले मोठ्या अभिमानाने सांगतो, पण ते खरं नाही. रांग दोन धड पायांच्या मापाने शिवलेला सदरा आहे. ज्याला तो बसत नाही त्याला ‘सगळ्यांना एकच माप’ असं सांगणं, म्हणजे न्यायाचा आव आणून आळस करणं. आपल्याकडे 2016 साली दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा जो कायदा झाला, त्यानेही हेच ओळखलं आहे: ज्याला जरूर आहे त्याच्यासाठी वाजवी फेरबदल करायचे, त्याला इतरांच्या बरोबरीने हक्क वापरता यावा म्हणून. इतरांच्या बरोबरीने! इतरांच्या आठ माणसं पुढे नव्हे.

म्हणजे रांग मोडायची नाही आणि रांगेत उभंही राहता येत नाही. मी बुचकळ्यात पडलो. मामा अजिबात पडले नाहीत.

“दारावरच्या त्या पोरीला विचार, आत्ता रांग किती वेळाची आहे.”

मी विचारून आलो. “सव्वा तास.”

“मग रुमाल टाक.”

एस.टी.ने प्रवास केलेल्या माणसाला रुमाल टाकणं काय असतं ते सांगायला नको. गाडी फलाटाला लागायच्या आत खिडकीतून रुमाल आत टाकायचा आणि मग सावकाश दारातून चढायचं. पण या प्रथेचं एवढं सखोल कायदेशास्त्र असेल याची मला कल्पना नव्हती. मामांनी छत्तीस वर्षांत रुमालावरून झालेली शेकडो भांडणं मिटवली होती आणि त्यांचे निवाडे पक्के होते. एका रुमालाला एकच सीट. रुमाल टाकणारा स्वतः येऊन बसला पाहिजे; नाही आला तर रुमाल उचलून उभ्या असलेल्याला जागा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, “रुमालाला मेहुणे नसतात.” हे वाक्य मामांनी आमच्या मेहुण्यांकडे न बघता म्हटलं, म्हणून जास्त लागलं.

“आपली वेळ चुकवायची नाही, फक्त ती उभ्यानं काढायची नाही,” मामा म्हणाले. “लोक सव्वा तास थांबतायत, मीही सव्वा तास थांबतो. ते तिथं थांबतील, मी या झाडाखाली. ज्यांचे पाय धड आहेत त्यांनी जाऊन रांगेत उभं राहावं. सोबतीला एक पुरे.”

तो एक म्हणजे मी. बाकीचे सात जण रांगेत गेले. मेहुणे तर आयुष्यात प्रथमच. दारावरच्या मुलीला आमची योजना समजावून सांगताना मला घाम फुटला, कारण रांगेत न घुसण्यासाठी परवानगी मागणारा इसम तिने पाहिला नसावा. पण तिने एका कागदावर सव्वा तासानंतरची वेळ लिहून दिली. मामांनी तो कागद तिकिटासारखा बोटांच्या बेचक्यात धरला.

आता हा सव्वा तास वाचकांनी फुकट का घालवावा? तेवढ्यात घरी आल्यावर मी जे वाचलं ते सांगून टाकतो. अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये डिस्नेने 1955 साली आपली पहिली बाग उघडली. पुढे त्यांच्या बागांत अपंगांना सवलतीचं एक कार्ड मिळू लागलं आणि ते दाखवलं की बऱ्याच खेळांना मुख्य रांग टळत असे. 2013 साली वर्तमानपत्रांत बातमी आली, की काही श्रीमंत मंडळी अपंग माणसाला ताशी पैसे मोजून बरोबर नेतात आणि त्याच्या खुर्चीमागून आपली मुलं आत घुसवतात. दर ताशी 130 डॉलर होता म्हणे! वाचून मी संतापलो. “काय ही माणसं!” असं हिला म्हणणारही होतो. तेवढ्यात आठवलं, की त्यांनी भाड्याने आणला होता आणि आम्ही नात्याने आणला होता, फरक एवढाच. भाड्याच्या माणसाला निदान रोख पैसे तरी मिळाले.

त्याच वर्षी डिस्नेने ते कार्ड बंद केलं आणि नवीन पद्धत काढली. जिथे खुर्ची रांगेतून जाऊ शकते तिथे ती रांगेतूनच जाणार. ज्याला रांग सोसत नाही त्याला परत यायची वेळ मिळणार आणि ती वेळ रांगेच्या लांबीवरून ठरणार. तोपर्यंत त्याने कुठेही बसावं. म्हणजे काय? रुमाल! 2024 साली त्यांनी हा रुमालही कुणी टाकावा याचे नियम आणखी आवळले आणि त्यावरून पुन्हा वाद पेटला. कारण कुणाची अडचण खरी हे दारावरच्या माणसाने कसं ओळखायचं, हा प्रश्न काही सुटलेला नाही.

तो आमच्याही झाडाखाली उभा राहिला. अर्धा तास बसून मामांचं अंग आखडलं, म्हणून ते माझ्या आधाराने उठून चार पावलं चालले. शेजारच्या कट्ट्यावरचे एक गृहस्थ बायकोला ऐकू जाईल इतक्या हळू आणि आम्हालाही ऐकू येईल इतक्या जोरात म्हणाले, “चालतात की चांगले!” लोकांची अशी समजूत असते, की खुर्चीतला माणूस उठला म्हणजे एकतर चमत्कार तरी झाला किंवा लबाडी तरी उघडी पडली. मामा वळून म्हणाले, “चालतो की! टप्पा संपेपर्यंत चालतो.” गृहस्थ भजी खाऊ लागले.

वेळ झाल्यावर आम्ही गेलो. तो खेळ म्हणजे रुळांवरून उलटसुलट धावणारी गाडी. दारावरच्या मुलीने मामांना सांगितलं, “आजोबा, तुम्हाला यात बसवता येणार नाही. गाडी वळणावर हिसके देते, पाय रोवून बसावं लागतं. आणि मध्येच बंद पडली तर अरुंद जिन्यावरून स्वतः उतरावं लागतं.” मला वाटलं, आता मामा भडकणार. ते शांतपणे म्हणाले, “बरोबर आहे बाई. मीही कधी कुणाला टपावर बसू दिलं नाही.”

सव्वा तास थांबून नकार मिळाला आणि माणूस खूश! याचं मला नवल वाटलं. त्याचा उलगडा पुढच्या तासाभरात झाला.

कारण आम्ही पाळण्याकडे गेलो. जत्रेतल्या पाळण्याचा हा मोठा, बंद डब्यांचा भाऊ. 1893 साली शिकागोच्या प्रदर्शनात फेरिस नावाच्या इंजिनिअरने जो पाळणा उभारला, तो 264 फूट उंच होता. त्याला 36 डबे होते आणि एकेका डब्यात 60 माणसं मावत. हे मी मामांना मागाहून सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, “उभे धरून?” आमच्या पार्कातला एवढा मोठा नव्हता, पण मान दुखेपर्यंत वर बघावं लागत होतं. मामा बघत होते.

पुन्हा रुमाल टाकला. चाळीस मिनिटांनी वेळ झाली तेव्हा आमची कौटुंबिक सभा भरली. ही म्हणाली, “मामांना चक्कर आली म्हणजे?” मेहुणे म्हणाले, “ब्लडप्रेशर आहे.” मुलगी म्हणाली, “वर वारा असतो.” मी सभेचा ठराव मामांना कळवला, “मामा, तुम्ही इथेच बसा हं सावलीत. आम्ही जाऊन येतो. तुम्हाला वरून हात करू.”

मामा माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “माझा सगळ्यांनी विचार केलात. मला कुणी विचारलंत?”

मला दिवाळीतला त्यांचा प्रश्न आठवला. पाळणा आहे का रे तिथं?

छत्तीस वर्षं मामांनी जत्रांच्या जादा गाड्या केल्या. पालीची जत्रा, जेजुरी, शिखर शिंगणापूर. हजारो माणसं पाळण्याच्या पायथ्याशी नेऊन उतरवली आणि डबल बेल देऊन परत फिरले. पाळण्यात बसायला कधी फुरसत झाली नाही. फुरसत झाली तेव्हा पाय गेले. हे मला ठाऊक नव्हतं, कारण मी विचारलं नव्हतं.

मी खुर्ची दारापाशी नेली. पाळण्यावरचा पोरगा विशी-बाविशीचा असेल. त्याने माझ्याकडे पाहिलंच नाही. तो खुर्चीसमोर वाकला आणि म्हणाला, “आजोबा, पाळणा मी पूर्ण थांबवतो. दोन पायऱ्या चढाव्या लागतील. जमेल? नसेल जमणार तर स्पष्ट सांगा.” सकाळपासून मामांना थेट प्रश्न विचारणारा हा पहिला माणूस.

“जमेल,” मामा म्हणाले. “हात डाव्या बाजूनं दे. उजव्या खुब्यात स्क्रू आहेत. आणि ओढू नको, नुसता धर.”

मघाच्या नकाराने मामा का खूश झाले ते मला तेव्हा समजलं. त्या मुलीने नाही म्हटलं, पण तोंडावर आणि कारण सांगून. आम्ही नाही म्हणत होतो ते पाठीमागे आणि काळजीपोटी. काळजी ही फार सभ्य गोष्ट आहे. तिच्या आडून माणसाची सही न घेता त्याचं खातं आपण बिनदिक्कत बंद करतो.

पाळणा वर गेला. मी उंचीला घाबरतो हे मी घरी कुणाला सांगितलेलं नाही. मामांना सांगावं लागलं नाही, कारण मी त्यांचं मनगट धरलं होतं. अगदी टोकाला गेल्यावर दूरवर हायवे दिसला आणि त्यावरून जाणारी एक लाल ठिपक्याएवढी गाडी. मामांनी डोळे बारीक केले. “किती वाजले रे?”

“चार वीस.”

“लेट आहे,” मामा म्हणाले आणि त्यांचा चेहरा समाधानाने भरून गेला.

खाली आल्यावर उतरायला वेळ लागला. चढताना लागला त्यापेक्षा जास्त. पोरगा एक हात धरून, मी दुसरा, आणि मामा एकेक पाऊल जोखून टाकतायत. सगळा पाळणा थांबलेला, वरची माणसं लटकलेली, खालची रांग खोळंबलेली. माझ्या डोक्यात हिशेब सुरू झाला. दोन मिनिटं गुणिले तीनशे. तीच सहाशे मिनिटं, तेच दहा तास! मी कानकोंडा होऊन म्हणालो, “मामा, जरा लवकर. लोक थांबलेत.”

मामा म्हणाले, “थांबू देत. पॅसेंजर उतरेपर्यंत गाडी थांबायचीच असते.”

बी.कॉम.च्या तीन वर्षांत जे कळलं नाही ते त्या दोन पायऱ्यांवर कळलं. रक्कम तीच होती, खातं वेगळं होतं. सकाळची सहाशे मिनिटं आम्ही मामांच्या नावावर काढून आमच्या खात्यात भरली होती. ही सहाशे मिनिटं मामांचीच होती आणि ती मागताना त्यांना ओशाळायचं काही कारण नव्हतं. एखाद्याच्या अडचणीसाठी सगळ्यांनी थोडं थांबायचं, हा समाजाने आधीच मंजूर केलेला खर्च आहे. फक्त व्हाउचरवर सही त्याची हवी, मेहुण्यांची नव्हे. रांगेत पुढे उभ्या असलेल्या एका लहान मुलाने विचारलं, “आजोबा, वरून काय दिसतं?” मामा म्हणाले, “एस.टी.”

अमेरिकेतल्या सॅन अँटोनियो शहरात 2010 साली एका बापाने आपल्या अपंग मुलीसाठी आख्खी बागच बांधली. व्हीलचेअरसकट झुलता येईल असे झोके आहेत तिथे. अपंगांना प्रवेश फुकट. शेजारी 2017 साली पाण्याचे खेळ झाले, तर तिथे भिजल्या तरी चालतील अशा, हवेच्या दाबावर पळणाऱ्या खुर्च्या ठेवल्या. हे मी मामांना वाचून दाखवलं. मामा म्हणाले, “म्हणजे त्यानं पायरी खाली आणली.” चार महिन्यांपूर्वीचं त्यांचं ते वाक्य मला तेव्हा कळलं.

परवा बँकेत पेन्शनरांची गर्दी होती. ज्येष्ठांना आणि अपंगांना प्राधान्य द्या, सत्तरीच्या पुढच्यांना काही सेवा घरपोच द्या, असं रिझर्व्ह बँकेने 2017 सालीच सांगून ठेवलंय. तेव्हापासून कुणी काठी टेकत आलं की मी मोठ्या आवाजात ‘आजोबांना पुढे येऊ द्या’ असं ओरडतो आणि दिवसभर स्वतःवर खूश असतो. तर एक गृहस्थ सासऱ्यांची व्हीलचेअर ढकलत थेट काउंटरला आले. हातात पाच स्लिपा. “जरा आधी घ्या हो, पेशंट आहे. फक्त एक विचारायचंय.”

मी काउंटरवरून वाकलो आणि खुर्चीत बसलेल्यांना विचारलं, “आजोबा, काम काय आहे तुमचं?”

आजोबांनी आधी जावयाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि मिश्कील हसून म्हणाले, “माझं काही काम नाही हो. मी नुसता रुमाल आहे.”

मी आजोबांची खुर्ची पंख्याखाली घ्यायला लावली, शिपायाला पाणी आणायला सांगितलं आणि जावईबापूंच्या हातात टोकन दिलं. नंबर 146. बोर्डावर तेव्हा 112 चालू होता.